उपकरणाच्या पाठीवरील खुणा : कोणाचे वचन, कोणाची तपासणी?

सभागृहाच्या छपराची डागडुजी निघाली म्हणून गेल्या उन्हाळ्यात माळा रिकामा करण्यात आला. रविवारच्या मिस्सानंतर युवा मंडळाच्या मुलांनी एकेक वस्तू खाली उतरवली, तेव्हा अंगणात मोठाच पसारा मांडला गेला. काचेच्या नळीचे दोन जुने मॉनिटर, एक मोडका प्रिंटर, युपीएसच्या बॅटऱ्या, बंद पडलेला ध्वनिवर्धक, वापरून झालेल्या ट्यूबलाइटच्या नळ्या आणि एका पोत्यात कोंबलेले चार्जर व वायरी. त्यांपैकी एका मुलाने मॉनिटर उलटा करून पाठीवरचे लेबल वाचावयास सुरुवात केली आणि विचारले, "फादर, ह्या कचरापेटीवर फुली का मारली आहे? ही वस्तू कचऱ्यात टाकायची नाही, की हिचा कचराच होत नाही?" ह्या प्रश्नाचे उत्तर आम्ही दिले. मात्र त्याने लगेच विचारलेल्या "मग टाकायची कुठे?" ह्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्या क्षणी आमच्यापाशी नव्हते.

आमची एक जुनी चूक येथे सांगणे प्राप्त आहे. पंधराएक वर्षांपूर्वी कार्यालयात सपाट पडद्याचे मॉनिटर आले, तेव्हा जुने तीन मॉनिटर आम्ही दारावर आलेल्या भंगारवाल्याला देऊन टाकले. थोडे पैसे मिळाले, जागा मोकळी झाली आणि आपण वस्तू वाया घालवली नाही ह्याचे समाधानही वाटले. चार दिवसांनी एका आजारी गृहस्थांना भेटण्यास जात असता त्याच मॉनिटरांचे अवशेष ओढ्याच्या काठी पडलेले दिसले. तांब्याची गुंडाळी काढून घेण्यासाठी नळीची मान मोडलेली होती. वायरी व धातूचे भाग नेलेले होते. आणि ज्याला कोणी गिऱ्हाईक नव्हते ती जाड काच पाण्याच्या कडेला टाकलेली होती. प्लास्टिकच्या एका तुकड्यावर आमच्या कार्यालयाने रंगवलेला क्रमांक होता, त्यामुळे ओळख पटण्यास अडचण पडली नाही. भंगारवाल्याला आम्ही दोष देत नाही. तांब्याला भाव होता, काचेला नव्हता, आणि त्याला जे करावयास बाजाराने शिकवले तेच त्याने केले. त्या तिन्ही मॉनिटरांच्या पाठीवर फुलीची कचरापेटी छापलेली असणार. ती वाचण्याचे काम आमचे होते.

म्हणून प्रस्तुत लेखात ह्या खुणांची थोडी ओळख करून देण्याचे योजिले आहे. हल्ली घरोघरी दूरचित्रवाणी संच, फ्रीज, भ्रमणध्वनी, वायफायचा डबा, मुलांचे लॅपटॉप असा संसार आहे, आणि प्रत्येकाच्या पाठीवर किंवा खोक्यावर आठ-दहा चिन्हे असतात. ती सगळी सारख्या वजनाची नाहीत. प्रत्येक खुणेविषयी दोन प्रश्न विचारावेत असे आम्हांस वाटते: ही खूण कोणी लावली, आणि ती खरी आहे की नाही हे कोण तपासतो?

सुरक्षिततेची खूण, युरोपची खूण

आपल्याकडे सर्वांत जास्त आढळणारी खूण भारतीय मानक ब्यूरोची. २०१२ साली केंद्र सरकारने इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सक्तीच्या नोंदणीचा आदेश काढला. आरंभी पंधरा वस्तू होत्या. पुढे भ्रमणध्वनी, पॉवर बँक, एलईडी दिवे इत्यादींची भर पडत गेली. ह्या योजनेत मालाचा नमुना ब्यूरोने मान्य केलेल्या प्रयोगशाळेत तपासावा लागतो आणि मग 'आर' ह्या अक्षराने सुरू होणारा क्रमांक मिळतो. 'बीआयएस केअर' ह्या मोबाइल अॅपवर तो क्रमांक घालून पाहता येतो. नवा चार्जर घेताना एवढे अवश्य करावे. परंतु ही खूण शॉक बसू नये, आग लागू नये ह्यापुरती आहे. वस्तूच्या पोटात कोणती विषारी द्रव्ये आहेत, ती निकामी झाल्यावर तिचे काय व्हावे, ह्याविषयी ती काहीही सांगत नाही.

दुसरी खूण 'सीई' ही. आखाती देशांत नोकरीला असलेल्या आपल्या माणसांनी आणलेल्या वस्तूंवर ती हमखास असते, आणि अनेक घरांत तिला परदेशी गुणवत्तेचा शिक्का मानले जाते. वास्तविक ती युरोपीय महासंघाच्या बाजारात माल विकण्यासाठी आवश्यक असलेली खूण आहे, आणि बहुतेक घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंच्या बाबतीत ती उत्पादक स्वतःच लावतो. आपला माल तेथील कायद्यांच्या अटी पुऱ्या करतो असे तो स्वतःच्या जबाबदारीवर जाहीर करतो, त्याची कागदपत्रे तयार ठेवतो, आणि सरकारी निरीक्षकांनी मागितली तर ती दाखवावी लागतात. म्हणजे ती प्रशस्तिपत्र नसून प्रतिज्ञापत्र आहे. 'सीई म्हणजे चायना एक्सपोर्ट' हा जो संदेश भ्रमणध्वनीवरून वर्षानुवर्षे फिरत असतो, त्यात मात्र तथ्य नाही; अशी कोणतीही चिनी खूण अस्तित्वात नाही. खोटी सीई लावणारे आहेत, हे खरे. पण खोट्या सहीमुळे वेगळी लिपी जन्माला येत नाही.

स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र देण्याची पद्धत कोठवर जाऊ शकते ह्याचे एक उदाहरण अमेरिकेत घडले. वीज वाचवणाऱ्या संगणकांसाठी तेथील पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९२ साली 'एनर्जी स्टार' ही खूण सुरू केली. जुन्या मॉनिटरवर निळ्या चौकटीतील ती चांदणी अनेकांनी पाहिली असेल. २०१० साली अमेरिकी संसदेच्या लेखापरीक्षण कार्यालयाने तिची परीक्षा घ्यावयाचे ठरवले. त्यांनी खोट्या कंपन्यांच्या नावाने अस्तित्वातच नसलेल्या वीस वस्तू मान्यतेसाठी पाठवल्या. त्यांपैकी पंधरा मान्य झाल्या, आणि त्यांत पेट्रोलवर चालणारे गजराचे घड्याळही होते! ह्या फजितीनंतर, २०११ पासून, त्रयस्थ प्रयोगशाळेतील तपासणी व त्रयस्थ संस्थेचे प्रमाणपत्र सक्तीचे झाले. खूण तीच राहिली, तिच्यामागचा आधार बदलला.

ह्याउलट 'टीसीओ' ही खूण पाहा. आमच्या माळ्यावरच्या एका मॉनिटरवर ती होती. स्वीडनमधील नोकरदारांच्या संघटनांच्या महासंघाने १९९२ साली ती सुरू केली. दिवसभर पडद्यासमोर बसून काम करणाऱ्या आपल्या सभासदांचे डोळे व आरोग्य सांभाळले जावे हा तिचा मूळ हेतू. कंपनीने नव्हे, सरकारनेही नव्हे, तर ज्यांना तो पडदा रोज पाहावा लागत होता त्यांनी अटी घातल्या आणि कंपन्यांनी त्या मान्य केल्या. कामगार संघटनांच्या इतिहासात हे प्रकरण फारसे सांगितले जात नाही, ह्याचे आम्हांस नवल वाटते.

तारे आणि त्यांचे वय

फ्रीज व एसीवरील ताऱ्यांचे लेबल सर्वांच्या परिचयाचे आहे. ऊर्जा संवर्धन कायदा २००१ सालचा. त्याच्या अंमलबजावणीसाठी २००२ च्या मार्च महिन्यात ऊर्जा दक्षता ब्यूरो स्थापन झाला. २००६ मध्ये ताऱ्यांची योजना ऐच्छिक स्वरूपात सुरू झाली आणि २०१० च्या जानेवारीपासून फ्रॉस्ट-फ्री फ्रीज, एसी व ट्यूबलाइट ह्यांना ती सक्तीची झाली. ह्या खुणेमागे प्रयोगशाळेचा अहवाल असतो, आणि ब्यूरो बाजारातून नमुने उचलून फेरतपासणी करू शकतो.

येथे एक गोष्ट बहुतेकांच्या ध्यानी येत नाही. तारे कायमचे नसतात. तंत्र सुधारले की ब्यूरो निकष कडक करतो; एसीच्या बाबतीत २०१८ च्या जानेवारीत व पुन्हा २०२२ च्या जुलैमध्ये तसे झाले. २०२२ च्या बदलाच्या वेळी जो एसी आदल्या दिवशी पाच ताऱ्यांचा होता तो साधारणपणे चार ताऱ्यांचा ठरला. यंत्र तेच, वीज तेवढीच, एक तारा मात्र गळाला. म्हणून लेबलवर छापलेला मुदतीचा काळ पाहावा. दुकानदार सवलतीत देऊ करतो तो 'पाच ताऱ्यांचा' माल जुन्या निकषांवरचा असू शकतो. त्यात फसवणूक असतेच असे नाही, पण तुलना करताना घोटाळा होतो. ताऱ्यांपेक्षा वर्षाला किती युनिट वीज लागेल हा आकडा अधिक उपयोगी. समजा, एका फ्रीजवर १८० व दुसऱ्यावर २६० युनिट लिहिले आहेत आणि युनिटला ८ रुपये पडतात, तर दर वर्षी ६४० रुपयांचा फरक पडेल. फ्रीज दहा-बारा वर्षे चालतो हे ध्यानात घेतले की स्वस्त कोणता हे निराळेच दिसू लागते.

सहा द्रव्ये

आता मूळ विषयाकडे वळू. शिसे, पारा, कॅडमियम, हेक्झाव्हॅलंट क्रोमियम आणि आग भडकू नये म्हणून प्लास्टिकमध्ये घातली जाणारी ब्रोमीनयुक्त रसायनांची दोन कुळे, अशा सहा द्रव्यांवर युरोपने १ जुलै २००६ पासून मर्यादा घातली. तिला इंग्रजी आद्याक्षरांवरून 'रोह्स' म्हणतात. २०११ च्या सुधारित निर्देशाने ही अट सीई खुणेच्या अटींत समाविष्ट झाली, आणि २०१९ पासून प्लास्टिक मऊ करणाऱ्या चार रसायनांची भर पडून युरोपात ही संख्या दहा झाली. आपल्या देशात २०११ च्या ई-कचरा नियमांनी हीच सहा द्रव्ये उचलली व १ मे २०१४ पासून मर्यादा लागू केल्या. कॅडमियमसाठी ०.०१ टक्का, बाकीच्या पाचांसाठी ०.१ टक्का.

हा टक्का कशाचा? सर्व गमक येथे आहे. तो संपूर्ण उपकरणाच्या वजनाचा नव्हे. तसे असते तर वजनदार लोखंडी पेटी लावून कोणीही सुटला असता. तो प्रत्येक एकजिनसी पदार्थाचा आहे: वायरीवरचे प्लास्टिकचे आवरण वेगळे, आतील तांबे वेगळे, पिनेवरचा पातळ मुलामाही वेगळा. सुऱ्याने, करवतीने, घासून जेथवर वेगळे करता येईल तेथवर प्रत्येक पदार्थ स्वतंत्रपणे मर्यादेत बसावा लागतो. २००१ च्या डिसेंबरमध्ये नाताळच्या तोंडावर नेदरलँड्सच्या अधिकाऱ्यांनी सोनी कंपनीचे सुमारे १३ लाख 'प्लेस्टेशन' खेळ अडवून धरले होते, ते रोह्सच्या आधीच्या तेथील कॅडमियमविषयक कायद्याखाली. दोष खेळात नव्हता. त्याच्या जोडवायरींत कॅडमियम मर्यादेपेक्षा अधिक आढळले. वायरी दुसऱ्याच कोणा पुरवठादाराच्या. ह्या प्रसंगानंतर मोठ्या कंपन्या आपल्या पुरवठादारांकडून आणि त्यांच्याही पुरवठादारांकडून लेखी हमी व तपासणी अहवाल मागू लागल्या. एका स्क्रूच्या मुलाम्याचा कागद तीन देशांतून फिरत येतो, तो ह्यामुळे.

ह्या मर्यादेने कारागिराच्या हातातील कामही बदलले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरलेला डाख हा ६३ भाग कथील व ३७ भाग शिसे ह्यांचा. तो १८३ अंश सेल्सियसला वितळतो. बिनशिशाचा डाख बहुधा कथिलात थोडी चांदी व अत्यल्प तांबे मिसळून होतो आणि त्याला सुमारे २१७ अंश लागतात. उष्णता वाढली म्हणून सुटे भाग, पाट्या, भट्ट्या सर्व पुन्हा आखावे लागले. नियम कागदावर एका ओळीचा असतो, कारखान्यात तो असा उतरतो.

तरीही 'रोह्सनुसार' असे लिहिलेल्या वस्तूत शिसे नाही, असे समजणे चूक होय. कायद्याने काही अपवाद ठेवले आहेत, कारण काही ठिकाणी पर्याय उपलब्ध नव्हता. त्यांपैकी एक अपवाद आमच्या माळ्यावर बसलेला होता. जुन्या मॉनिटरच्या नळीत उच्च दाबाच्या विजेमुळे क्ष-किरण निर्माण होतात. ते बाहेर पडू नयेत म्हणून मागच्या नरसाळ्याच्या व मानेच्या काचेत शिसे घालतात. एका मॉनिटरमध्ये ते ग्रॅमांत नव्हे, किलोच्या हिशेबात असते, आणि काचेतील हे शिसे युरोपच्या व आपल्या नियमांतही अपवाद म्हणून मान्य केले गेले. म्हणजे डाखातील चिमूटभर शिशावर बंदी आणि काचेतील किलोभर शिशाला परवानगी, आणि दोन्ही एकाच 'नियमानुसार' ह्या शब्दाखाली! ह्यात लबाडी नाही. काच अभंग असेपर्यंत ते शिसे बाहेर येत नाही, असा तो हिशेब होता. काच अभंग राहील ह्याची जबाबदारी मात्र लेबलाने कोणावर टाकली?

फुलीची कचरापेटी

ती ह्या चिन्हाने टाकली आहे. चाकांच्या कचरापेटीवर मारलेली फुली 'ही वस्तू विषारी आहे' असे सांगत नाही, किंवा 'हिचा पुनर्वापर झालेला आहे' असेही नाही. ही वस्तू घरातल्या इतर कचऱ्यात मिसळू नका, वेगळी गोळा होऊ द्या, एवढेच तिचे म्हणणे. युरोपात पेटीखाली जाड काळी पट्टी असते. १३ ऑगस्ट २००५ नंतर बाजारात आलेला माल, असा तिचा अर्थ, कारण त्या दिवसापासून तेथे ही व्यवस्था चालवण्याचा खर्च उत्पादकांवर आला. भारतात २०११ च्या नियमांनी (अंमल १ मे २०१२ पासून) आणि पुढे २०१६ च्या नियमांनी हे चिन्ह वस्तूवर किंवा माहितीपुस्तिकेत देणे उत्पादकांना बंधनकारक केले. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांनीही बॅटऱ्यांवर ते घातले, आणि पारा, कॅडमियम वा शिसे ठरावीक प्रमाणाहून अधिक असल्यास त्याची रासायनिक संज्ञाही छापावयास सांगितली.

बाकीच्या सर्व खुणा उत्पादक, निरीक्षक व दुकानदार ह्यांच्यातील बोलणे आहे. आपण ते ओझरते ऐकतो इतकेच. ही एक खूण मात्र थेट घरातल्या माणसाला उद्देशून आहे, आणि नेमकी तीच आपण वाचत नाही. वाचली तरी पुढे काय करावे हे ती सांगत नाही. युरोपातल्या गावात ती वाचणाऱ्याला नगरपालिकेचे संकलन केंद्र ठाऊक असते. आपल्याकडे फुली छापली गेली. केंद्र कोठे आहे हे शोधावे लागते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आकडेवारीनुसार २०१९-२० ह्या वर्षी देशात १० लाख टनांहून अधिक ई-कचरा निर्माण झाला आणि त्यांपैकी सुमारे २२ टक्के अधिकृत मार्गाने गोळा होऊन त्यावर प्रक्रिया झाली. आपण मागासलेले म्हणून असे होते, असे मात्र कोणी समजू नये. २०२२ साली साऱ्या जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निघाला, आणि त्याचीही विधिवत नोंद होऊन गोळा झालेली टक्केवारी साधारण तेवढीच होती. उरलेला जातो कोठे? आपल्याकडे तो दिल्लीच्या सीलमपूरला, उत्तर प्रदेशातील मुरादाबादला आणि मुंबईतील कुर्ला, साकीनाका, धारावीच्या गाळ्यांत जातो. तेथे वायरी जाळून तांबे काढतात, त्या धुरात प्लास्टिकची विषारी संयुगे असतात. सर्किटच्या पाट्या तीव्र आम्लात बुडवून सोने व तांबे सोडवतात, आणि उरलेले आम्ल गटारात जाते. शिशाचा उपद्रव सर्वांत जास्त लहान मुलांना होतो, कारण त्यांच्या वाढत्या मेंदूला ते थोड्या प्रमाणातही बाधते. आणि ही कामे बहुधा राहत्या वस्तीतच चालतात. ही माणसे अडाणी नाहीत. कोणत्या पाटीत किती तांबे आहे हे ती हाताने उचलून सांगतात. त्यांच्या पदरी हातमोजे, हवा खेळती ठेवणारे यंत्र आणि कायद्याचे छत्र ह्यांपैकी काहीच नसते, एवढाच त्यांच्यात व नोंदणीकृत कारखान्यात फरक.

ह्यावर कायद्याने काढलेला उपाय म्हणजे विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व. ज्याने वस्तू विकून नफा कमावला त्यानेच तिच्या अखेरची व्यवस्था करावी. २०२२ चे नवे ई-कचरा नियम १ एप्रिल २०२३ पासून अंमलात आले. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तूंना लागू असलेली जबाबदारी आता शंभराहून अधिक वस्तूंना लागू झाली. उत्पादकाने पहिल्या दोन वर्षी ६० टक्के, पुढील दोन वर्षी ७० टक्के व २०२७-२८ पासून ८० टक्के एवढ्या कचऱ्याच्या पुनर्चक्रणाची पूर्तता दाखवावयाची आहे. हे उद्दिष्ट त्याने स्वतः कचरा गोळा करून पुरे करावे असे नाही. नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखाना जेवढे लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम व सोने परत मिळवील तेवढी प्रमाणपत्रे त्याला मंडळाच्या संकेतस्थळावर मिळतात आणि उत्पादक ती विकत घेतो.

प्रमाणपत्र आले की त्याचा भाव आला. भाव पडला तर प्रामाणिक कारखान्याला परवडत नाही आणि कागदावरच पुनर्चक्रण करणाऱ्यांचे फावते. म्हणून सरकारने किमान दर ठरवला. घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी तो किलोला २२ रुपये. २०२५ मध्ये अनेक मोठ्या कंपन्या ह्या दराविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या; खर्च अवाजवी वाढतो, असे त्यांचे म्हणणे. न्यायालयापुढील वादावर मत देण्याचा आमचा अधिकार नाही. परंतु आमच्या ओढ्याच्या काठावरची काच आठवली की वाटते, हा सारा प्रश्न अखेर त्या किलोच्या भावाचाच आहे. युपीएसची किंवा गाडीची जुनी बॅटरी कोणी उकिरड्यावर टाकलेली आपण कधी पाहिली आहे काय? ती दुकानात परत जाते, कारण जुनी दिली की नवीवर पैसे कमी होतात. त्यासाठी कोणाला फुलीचे चिन्ह समजावून सांगावे लागले नाही. शिशाला भाव आहे म्हणून बॅटरी परत येते. शिसेयुक्त काचेला तो नाही म्हणून ती ओढ्यात जाते. किमान दर हा त्या काचेला, त्या प्लास्टिकला, त्या बिनकिमतीच्या उरलेल्या भागाला कृत्रिमरीत्या भाव मिळवून देण्याचा प्रयत्न आहे.

माळ्यावरच्या पसाऱ्याचे काय झाले

वाचकांना उपयोग व्हावा म्हणून आम्ही पुढे काय केले ते सांगतो. अधिकृत पुनर्चक्रण कारखान्यांची यादी केंद्रीय मंडळाच्या व महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संकेतस्थळांवर असते. यादीतील नाव व पत्ता आणि प्रत्यक्ष फोन उचलणारा माणूस ह्यांचा मेळ बसण्यास आम्हांस तीन दिवस लागले. दोघांनी 'एवढ्याशा मालासाठी गाडी पाठवता येणार नाही' असे सांगितले, आणि त्यांचे म्हणणे चुकीचे नव्हते. तेव्हा शेजारच्या दोन धर्मग्रामांना कळवले, शाळेतील संगणक कक्षालाही विचारले, आणि चार ठिकाणचा माल एका रविवारी एकत्र केला. मग गाडी आली. ज्यांच्या घरी एखादाच भ्रमणध्वनी वा लॅपटॉप आहे त्यांनी आधी त्या कंपनीच्या संकेतस्थळावर जुनी वस्तू परत घेण्याची सोय आहे काय ते पाहावे. कित्येक कंपन्यांची असते, जाहिरात मात्र तिची होत नाही.

देण्यापूर्वी एक काम विसरू नये. कार्यालयाच्या जुन्या संगणकात बाप्तिस्म्याच्या व विवाहाच्या नोंदी, लोकांचे पत्ते, देणग्यांचे हिशेब असतात. फाइल नुसती पुसल्याने ती जात नाही. आम्ही हार्ड डिस्क काढून घेतल्या व जाणकाराकडून निकामी करून मगच दिल्या. घरच्या भ्रमणध्वनीत तर ह्याहून अधिक असते. फुगलेली बॅटरी असल्यास ती उघडू नये, दाबू नये, इतर मालात टाकू नये. वेगळी द्यावी व तसे सांगावे.

माल मोजून घेतल्याची वजनासह पावती आम्ही मागून घेतली. ती देण्यास गाडीवाला थोडा कुरकुरला, पण कारखान्याचा नोंदणी क्रमांक असलेला कागद दुसऱ्या आठवड्यात आला. मोबदला जो मिळाला तो भंगारवाल्याने देऊ केलेल्या रकमेच्या निम्माही नव्हता. मुलांपैकी एकाने ते बोलूनही दाखवले. आम्ही त्याला ओढ्याच्या काठची हकीकत सांगितली. त्याला ती पटली की केवळ आदराखातर तो गप्प राहिला, हे सांगता येत नाही.

युपीएसच्या बॅटऱ्या बॅटरीच्या दुकानदाराने घेतल्या. ट्यूबलाइटच्या नळ्या मात्र त्या कारखान्याने घेतल्या नाहीत. त्यांत थोडा पारा असतो आणि त्या फोडण्यासाठी बंदिस्त यंत्र लागते, ते त्यांच्यापाशी नव्हते. त्या नळ्या पुठ्ठ्याच्या खोक्यात उभ्या करून, वर 'फोडू नये' असे लिहून, सभागृहाच्या जिन्याखाली ठेवलेल्या आहेत. नळ्या घेणारा अधिकृत कारखाना कोणा वाचकाच्या माहितीत असल्यास कार्यालयात कळवावे.